शेवट ठाऊक नसलेली कथा

श्रद्धावंत माणसाने कथालेखनाला हात घातला म्हणजे कथाबीजांचा तुटवडा त्याला फार लवकर जाणवू लागतो, अशी तक्रार आपल्या समाजात वारंवार ऐकू येते. चार-सहा कथा लिहून होतात, नाताळ विशेषांकात एखादी छापून येते, मिस्सा सुटल्यावर धर्मग्रामातली माणसे कौतुक करतात, आणि मग लेखणी थांबते. नवीन काही सुचतच नाही, असे लेखक म्हणू लागतो. कोणी त्याला वर्तमानपत्रे बारकाईने वाचायला सांगतो, कोणी प्रवास करायला, कोणी जुन्या माणसांजवळ बसायला. हे सल्ले वाईट नाहीत. परंतु ज्याच्या भिंतीपलीकडे दोन सख्ख्या भावांचा जमिनीचा दावा चालू आहे, ज्याच्या वाडीतल्या विहिरीचे पाणी मचूळ झाले आहे, ज्याच्या शेजारची मुलगी इस्रायलमध्ये परक्या वृद्धेची सेवा करते आणि जिची स्वतःची आई येथे एकटीच जेवायला बसते, त्याला विषय मिळू नये हे विषयांच्या अभावामुळे घडत असेल यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. उणीव दुसरीकडे कुठे तरी असली पाहिजे.

आपल्या नियतकालिकांतली एक कथा वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे. मुलगा व्यसनी झालेला असतो, किंवा परदेशी जाऊन आईला विसरलेला असतो. आई रोज सायंकाळी रोझरीला बसते. नाताळची मध्यरात्र होते, देवळाची घंटा वाजते आणि मुलगा दारात उभा राहतो. या कथेवर खोटेपणाचा आरोप करता येणार नाही. अशा आया आहेत, असे मुलगे परत आलेले आहेत, आणि प्रार्थनेचे सामर्थ्य तर आपण मानतोच. तरीही दुसऱ्या परिच्छेदातच वाचकाची उत्सुकता मावळते, याचे कारण लेखकाच्या मनात ती कधी नव्हतीच. त्याने घंटा आधी वाजवून घेतली आणि मग तो उलट्या पावलांनी चालत व्यसनापर्यंत गेला. वाटेत भेटलेली सारी माणसे त्याने घंटेकडे बोट दाखवण्यासाठीच उभी केलेली होती. त्यांच्यातल्या एकानेही त्याला अडवले नाही, की त्याला अपेक्षित नव्हता असा एक शब्दही उच्चारला नाही.

हा दोष आजचा नाही. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख केला जातो ती १८५७ सालची ‘यमुनापर्यटन’ बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाची. विधवांच्या ज्या हकीकती तिच्यात एकामागून एक येतात त्या आजही अस्वस्थ करतात, कारण तेथे लेखक पाहतो आहे आणि जे दिसते आहे ते त्याला सहन होत नाही. पुढे नायिकेच्या आयुष्याची जी धर्मपर मांडणी होते तेथे मात्र पकड सैल पडते. तेथे लेखक पाहत नाही. त्याला ठाऊक आहे ते तो सांगतो. (बाबांचा मान यामुळे तसूभरही कमी होत नाही. मराठीत ही वाट नव्हतीच, ती त्यांनी पाडली.)

आता एक आक्षेप गंभीरपणे विचारात घ्यावा लागेल, कारण तो केवळ टीकाकारांचा नाही, आपल्यातल्या अनेक लेखकांच्या मनात तो न बोललेल्या भीतीसारखा दडलेला असतो. आक्षेप असा: कथेला अनिश्चितता लागते, आणि श्रद्धावंताला तर शेवट ठाऊक असतो. ख्रिस्त पुनरुत्थित झाला आहे, मृत्यूचा पराभव झाला आहे, अखेर भल्याचाच विजय आहे. मग त्याच्या कथेत उरले काय? श्रद्धा जितकी दृढ, तितकी कथा निर्जीव, असे तर नाही ना? तसे असेल तर आपल्यापुढे दोनच वाटा राहतात. एक तर प्रवचने लिहावीत, नाही तर लिहायला बसण्यापूर्वी श्रद्धा खुंटीला टांगून ठेवावी. दोन्ही वाटांनी गेलेले लेखक आपण पाहिले आहेत.

परंतु ख्रिस्तसभा स्वतः काय करते ते पाहावे. ती शेकडो स्त्री-पुरुषांना संत म्हणून घोषित करते; त्यांची नावे, त्यांचे सण, त्यांची मंदिरे आहेत. अमुक एक माणूस नरकात गेला, अशी घोषणा मात्र तिने दोन हजार वर्षांत एकाही माणसाविषयी केलेली नाही, यहुदा इस्कार्योतविषयीही नाही. नरक आहे असे ती शिकवते, पण तेथल्या रहिवाशांची यादी ती ठेवीत नाही. याचा अर्थ, जगाच्या कथेचा शेवट आपल्याला सांगितला गेला असला तरी माझ्या शेजाऱ्याच्या कथेचा शेवट सांगितला गेलेला नाही. परमेश्वर हात पुढे करील हे निश्चित. तो हात हा माणूस धरील की झिडकारील, हे त्या माणसाच्या स्वातंत्र्यावर सोडलेले आहे. ज्याला स्वातंत्र्य खरे वाटत नाही त्याच्या कथेत माणूस परिस्थितीच्या उतारावरून घरंगळत जातो. ज्याला ते खरे वाटते त्याच्या कथेत शेवटच्या श्वासापर्यंत काहीही घडू शकते. तेव्हा श्रद्धेने अनिश्चितता नाहीशी होते हे म्हणणे मला पटत नाही. ती वाढते, आणि तिची किंमतही वाढते.

प्रभू येशूचे दाखले आपण इतक्या वेळा ऐकले आहेत की त्यांतले हे धाडस आता कानाला जाणवत नाही. उधळ्या पुत्राची कथा आपण बापाच्या मिठीपाशी संपवतो. लूकच्या शुभवर्तमानात ती तेथे संपत नाही. थोरला मुलगा शेतावरून येतो, वाद्यांचा आवाज ऐकतो आणि बाहेरच थांबतो. बाप त्याची समजूत घालायला बाहेर येतो, बोलतो, आणि कथा थांबते. थोरला आत गेला का? सांगितलेले नाही. आणि ऐकणारे परुशी तर स्वतःच त्या अंगणात उभे होते. त्याच्या पुढच्याच अध्यायात लबाड कारभाऱ्याचा दाखला येतो. धन्याने त्या लबाडाची वाखाणणी का करावी यावर भाष्यकार आजही खल करीत आहेत. जुन्या करारातले योनाचे पुस्तक तर एका प्रश्नावरच संपते, आणि रागावलेल्या संदेष्ट्याने त्या प्रश्नाचे काय उत्तर दिले ते आपल्याला कळत नाही. यांतली सामग्री काय आहे? पिठात कालवलेले खमीर, हरवलेले नाणे, बाजारात कामाची वाट पाहणारे मजूर. नाझरेथच्या कोणत्याही बाईला ठाऊक असलेल्या वस्तू. नावीन्य त्या वस्तूंत नव्हते.

मग ते कशात असते, हे समजण्यासाठी नागासाकीला जाऊ या. वसईच्या माणसाला ते गाव परके नाही. आपला संत गोन्सालो गार्सिया तेथेच ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर गेला. तो आणि त्याचे सोबती मिळून सव्वीस जण होते. त्यांत कोवळी मुलेही होती. क्योतोहून नागासाकीपर्यंत हिवाळ्यात त्यांना चालवत आणण्यात आले. १६२७ मध्ये ते धन्यवादित आणि १८६२ मध्ये संत म्हणून घोषित झाले. ही कथा आपण सणाच्या दिवशी सांगतो, मुलांकडून तिची नाटके बसवून घेतो. आणि खरे बोलायचे तर ती सांगताना आपणही घंटा आधी वाजवतो. आपल्या नाटकांत गोन्सालो जन्मापासूनच क्रुसाकडे चाललेला असतो. वस्तुतः येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानात त्याने वर्षानुवर्षे सेवा केली, त्यांच्या संघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा होती, आणि ती पुरी झाली नाही. तो व्यापारात शिरला. व्यापारात त्याचा जम बसला. पुढे मनिला येथे तो फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि जपानी भाषा अवगत असल्यामुळे दुभाषी म्हणून पुन्हा त्याच देशात गेला. नकार पचवून व्यापार करणारा तो तरुण, ज्याला पुढचे काहीच ठाऊक नाही, आपल्या एकाही नाटकात मी पाहिलेला नाही.

हौतात्म्याच्या या गावी, १९६० च्या दशकात, एक जपानी कॅथलिक कादंबरीकार दीर्घ आजारातून उठून गेला. शुसाकू एन्दो त्याचे नाव. तेथे त्याने एक ‘फुमिए’ पाहिले. फुमिए म्हणजे ख्रिस्ताची किंवा पवित्र मरियेची प्रतिमा कोरलेली तबकडी, लाकडी चौकटीत बसवलेली. सतराव्या शतकात जपानच्या सत्ताधाऱ्यांनी ख्रिस्ती माणूस हुडकून काढण्यासाठी ही युक्ती योजली. प्रत्येकाने त्या प्रतिमेवर पाय ठेवायचा. जो कचरेल तो ख्रिस्ती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही प्रथा चालू होती. एन्दोने पाहिलेल्या चौकटीच्या लाकडावर पायांच्या बोटांचे काळपट ठसे उमटलेले होते. असंख्य माणसांनी ती वस्तू पाहिली असेल. छळाचा पुरावा म्हणून हळहळून ती पुढे गेली असतील. एन्दो घरी परतला तरी ते ठसे त्याच्या मनातून जाईनात. हे पाय कोणाचे? ठेवताना त्यांच्या मनात काय होते? त्यांच्या जागी मी असतो तर?

‘मौन’ ही त्याची कादंबरी १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली ती या प्रश्नांतून. रक्तसाक्षींचे गौरवग्रंथ उदंड होते. ज्यांनी पाय ठेवला त्यांच्याविषयी मात्र ख्रिस्ती इतिहास शरमेने गप्प होता. एन्दो त्या गप्प राहिलेल्यांकडे गेला. पुन्हा पुन्हा विश्वासघात करणारा आणि पुन्हा पुन्हा पापनिवेदनासाठी धर्मगुरूच्या मागे येणारा किचिजिरो त्याला तेथे भेटला. अनेक जपानी कॅथलिकांना ही कादंबरी रुचली नाही. धर्मत्यागाला ती मुभा देते असे त्यांना वाटले. त्यांचे दुःख मला समजते. ज्यांच्या पूर्वजांनी प्राण दिले त्यांना पाय ठेवणाऱ्याची बाजू ऐकणे सोपे नव्हते. पण एन्दोने त्याला निर्दोष ठरवलेले नाही. त्याचा निकाल लागलेला नाही, एवढेच तो सांगतो.

आणि येथे इतिहास स्वतःच कथाकाराच्या बाजूने बोलतो. सव्वीस हुतात्म्यांच्या स्मरणार्थ नागासाकीत ओउरा येथे एक चर्च उभे राहिले. १८६५ च्या फेब्रुवारीत त्याचा अभिषेक झाला. मार्चच्या १७ तारखेला उराकामी खेड्यातली काही साधी माणसे तेथे आली आणि त्यांतल्या एका स्त्रीने फ्रेंच धर्मगुरू पतिजाँ यांना हळूच सांगितले की आमचेही अंतःकरण आपल्यासारखेच आहे, आणि मरियेची मूर्ती कुठे आहे असे विचारले. अडीचशे वर्षांच्या बंदीत धर्मगुरूवाचून, बाप्तिस्मा आणि प्रार्थना जपत राहिलेले ते गुप्त ख्रिस्ती होते. ते कोणाचे वंशज? ज्यांनी प्राण दिले त्यांच्यापैकी अनेकांचा वंश उरलाच नव्हता. हे बहुतांशी त्यांचे वंशज होते ज्यांनी दिवसा प्रतिमेवर पाय ठेवला आणि रात्री घरी जाऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हटली, वर्षामागून वर्षे, पिढ्यांमागून पिढ्या. आपल्या गोन्सालोच्या नावाने उभारलेल्या चर्चमध्ये पाय ठेवणाऱ्यांची पणतवंडे आत आली आणि आईची चौकशी करू लागली! हा शेवट, पाय ठेवणाऱ्या पहिल्या माणसाला त्या रात्री कोणी सांगितला असता तर त्याने विश्वास ठेवला असता का?

ग्रॅहम ग्रीनचा मार्ग वेगळा, पण शोध तोच. १९३८ मध्ये तो मेक्सिकोला गेला तो ख्रिस्तसभेच्या छळाची हकीकत लिहिण्यासाठी. ताबास्को प्रांतात देवळे पाडली गेली होती. धर्मगुरूंना एक तर हद्दपार केले होते, नाही तर लग्न करायला भाग पाडले होते. तेथे एका परदेशी डॉक्टरने त्याला शेवटच्या उरलेल्या धर्मगुरूची आठवण सांगितली. हा धर्मगुरू दारूच्या आहारी गेलेला होता. बाप्तिस्म्यासाठी नेलेल्या मुलाला त्याने, नशेतच, ब्रिजिता हे मुलीचे नाव द्यायचा हट्ट धरला होता. ऐकणाऱ्याने हसून सोडून द्यावे असा किस्सा. दोन वर्षांनी आलेल्या ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ या कादंबरीत ब्रिजिता हे त्या दारुड्या, पळत्या धर्मगुरूच्या अनौरस मुलीचे नाव आहे, आणि तिच्यावरच्या प्रेमातूनच तो परमेश्वराजवळ ओढला जातो. याच कादंबरीत एक आई मुलांना एका तरुण हुतात्म्याचे गुळगुळीत चरित्र वाचून दाखवते आणि तिचा मुलगा कंटाळून जातो. दारुड्या धर्मगुरूला गोळ्या घातल्यानंतर तोच मुलगा विचारतो, मग हाही त्यांच्यातलाच एक का? आपल्या नाताळ विशेषांकांवरचे याहून नेमके परीक्षण मला ठाऊक नाही. १९५३ मध्ये रोममधून या पुस्तकाविषयी नापसंती व्यक्त झाली. १९६५ मध्ये पोप सहावे पॉल यांच्या भेटीत ग्रीनने ही गोष्ट काढली, तेव्हा काही भाग काही जणांना खटकायचेच, आपण तिकडे लक्ष देऊ नये, असे त्यांनी सांगितल्याचे ग्रीनने नमूद केले आहे.

येथवर वाचल्यावर कोणी वाचक म्हणेल, नागासाकी आणि मेक्सिको दूर आहेत. आमच्या धर्मग्रामात शंभर-दोनशे घरे. ‘एका गावात एक विधवा होती’ एवढे लिहिले तरी ती कोण हे रविवारपर्यंत सर्वांना कळते. हा प्रश्न खरा आहे, आणि कथाबीजांच्या शोधातला हाच खरा नैतिक प्रश्न आहे असे मी मानतो. दुसऱ्याचे दुःख हा कथाकाराचा कच्चा माल आहे. तो त्याला कोणी दिला?

आपली नीतिशिकवण या बाबतीत बरीच सूक्ष्म आहे. आठव्या आज्ञेचा भंग केवळ खोटे बोलल्याने होत नाही. शेजाऱ्याची खरी उणीव पुरेशा कारणावाचून चव्हाट्यावर मांडणे हेही पापच आहे, कारण माणसाला त्याच्या नावाचा अधिकार आहे. ‘पण हे खरेच घडले होते’ हे कथाकाराचे आवडते समर्थन म्हणूनच लंगडे पडते. विश्वासाने कानावर घातलेली गोष्ट तर त्याची नसतेच. धर्मगुरूच्या ओठांवर पापनिवेदनाची मोहोर असते. कथाकाराच्या ओठांवर तशी मोहोर नाही, म्हणून त्याने ती स्वतः लावून घ्यावी लागते.

यावर ‘नावे बदलावीत’ हा नेहमीचा तोडगा मला पुरेसा वाटत नाही. नाव बदलले तरी विहीर, दावा, निळे दार तेच राहते. ग्रीनने काय केले ते पुन्हा पाहावे. डॉक्टरच्या घरातला किस्सा त्याने डॉक्टरच्या घरातच ठेवला. त्याने उचलले ते एक नाव आणि त्या नावामागची एक अस्वस्थता: इतक्या अपात्र हातांतूनही कृपा वाहते का? ती अस्वस्थता त्याची स्वतःची होती. एन्दोने ठशांचे मालक शोधून काढले नाहीत. त्याने आपला पाय त्या ठशावर ठेवून पाहिला. शेजारच्या भावाभावांच्या दाव्यातून मला घ्यायचे असेल तर दाव्याचा तपशील घेण्याची गरज नाही. मी स्वतः कोणत्या भावाला वर्षानुवर्षे क्षमा केलेली नाही, आणि तरी दर रविवारी ख्रिस्तप्रसादाला कसा जातो, हे मला विचारायचे आहे. तेथे कोणाचे नाव चव्हाट्यावर येत असेल तर ते माझे येईल. नव्या कथाबीजाला पुष्कळदा आपण याच कारणाने टाळत असतो. ते सुचत नाही असे नाही. सुचते, आणि आपण घाईघाईने जुन्या घंटेकडे वळतो.

यावरून धाडसी विषयांचा सोस करावा असा अर्थ कोणी काढू नये. पाप रंगवले म्हणजे कथा ताजी होते, ही समजूतही आता जुनी झाली आहे. फ्लॅनरी ओकॉनर ही अमेरिकन कॅथलिक लेखिका वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, १९६४ मध्ये, ल्युपस या आजाराने वारली. आयुष्याची शेवटची बरीच वर्षे तिने जॉर्जियातल्या एका शेतावर, आईबरोबर, मोर पाळत काढली. तिच्या एका प्रसिद्ध कथेतल्या गुन्हेगाराचे ‘मिसफिट’ हे टोपणनाव वर्तमानपत्रातल्या बातमीतून आलेले आहे. बातमी सर्वांच्याच दारात पडली होती. कुबड्या घेऊन चालणाऱ्या या बाईला त्या गुन्हेगारासमोर उभी राहिलेली एक बडबडी, स्वतःच्या सभ्यतेवर खूश असलेली आजी दिसली, आणि त्या आजीला आपण ओळखतो, प्रत्येक धर्मग्रामात.

गोन्सालोची एक कथा अजून माझ्या वाचनात आलेली नाही. त्या काळी नागासाकीची बातमी जहाजाने येई. मकाव, मलाक्का, गोवा, आणि मग वसई, सारा प्रवास मोसमी वाऱ्यांच्या भरवशावर. त्याला महिनेच्या महिने लागत. १५९७ च्या त्या महिन्यांत वसईच्या कोटाच्या आसपास त्याची आठवण ठेवणारे कोणी असेल. आई असेल, बहीण असेल, किंवा लहानपणी त्याला कडेवर घेतलेली एखादी शेजारीण. ती रोज संध्याकाळी, परदेशी असलेल्या माणसासाठी करावी तशी, त्याच्या सुखरूपतेची प्रार्थना करते. त्याचा व्यापार कसा चालला आहे याचीही कदाचित विचारपूस करीत असेल, कारण तिला मिळालेली शेवटची बातमी तीच आहे. जो आता तिच्यासाठी प्रार्थना करतो आहे त्याच्यासाठी ती मेणबत्ती लावते. जहाज अजून मलाक्क्याच्या बंदरात वाऱ्याची वाट पाहत उभे आहे.